मदत हवी आहे: ट्रॅकवर जाण्याआधी नवे टायर कसे घासून घ्यायचे?

भाट्येकिनारी
नवे टायर आजच बसवून आणले. रविवारी ट्रॅकवर जायचंय. बसवणारा म्हणाला, चकाकी जाईपर्यंत जपून चालवा. जपून म्हणजे किती? आंबा घाटात दोन फेऱ्या मारल्या तर पुरे का? जरा लवकर सांगा, शुक्रवारी गाडी टेंपोत चढवायची आहे.

सड्यावरचा
दुचाकी की चारचाकी? टायर कुठले, ट्रॅक कुठला? काहीच लिहिलेलं नाही.

चिपळूण_गॅरेज
चारचाकी असेल तर ऐका. स्पर्धेचे मऊ टायर पहिल्यांदा हळूहळू तापवायचे, मग गाडी उभी करायची आणि २४ तास हलवायची नाही. रबर सावकाश बसतं, टायर जास्त टिकतो. पहिल्या तापातच पिळलात तर लवकर कडक होतो.

भाट्येकिनारी
बाइक आहे हो, आरसी ३९०. पुढे ११०/७०, मागे १५०/६०. स्लिक नाहीत, खाचा आहेत. ट्रॅक कोइम्बतूरचा, करी मोटर स्पीडवे.

कुडाळचो_झील
८० नंबरचा पॉलिशपेपर घे आणि घास. धा मिन्टात काम. माझ्या भावान तसाच केल्यान.

सड्यावरचा
@कुडाळचो_झील, पेपरने वरची चकाकी जाईल, पण पकड येते ती रबर आतपर्यंत तापल्यावर. आणि पेट्रोल, थिनर लावायला कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका, रबर खराब होतं.

घाटात तर नकोच. साखरपा सोडल्यावर चिऱ्याच्या ट्रकांतली लाल भुकटी नेमकी वळणाच्या बाहेरच्या अंगाला साचलेली असते. त्यात मासळीच्या गाड्यांचं पाणी सांडलेलं. नवा टायर, थंड रबर आणि समोरून एसटी. रस्त्याच्या टायरलासुद्धा कंपन्या पहिले दीडेकशे किलोमीटर सांभाळून चालवायला सांगतात, तुमचे तर ट्रॅकचे.

चिपळूण_गॅरेज
घाटाचं पटलं. पण २४ तासांचं मी उगाच सांगत नाही.

सड्यावरचा
चारचाकीला ते ठीक. बाइकला वॉर्मर, म्हणजे टायर तापवणारं विजेचं वेष्टन लावतात, ८० अंशांच्या आसपास तासभर, आणि तापलेल्या टायरवरच ट्रॅकवर जातात. वॉर्मर आहे का?

भाट्येकिनारी
नाही. भाड्याने मिळतो का तेही माहीत नाही.

देवगड_हापूस
हवा नायट्रोजनच भरा. बाकी साखरप्याजवळचं रस्त्याचं काम कुठवर आलं? पुढच्या आठवड्यात पेट्या कोल्हापूरला न्यायच्या आहेत.

सड्यावरचा
रस्त्याचं वेगळ्या धाग्यावर विचारा. नायट्रोजनने चकाकी जात नाही.

वॉर्मर नसेल तर पहिलं सत्र टायरसाठी सोडून द्या. सुरुवातीच्या फेऱ्यांत वळणातही गाडी फार झुकवू नका, जवळजवळ सरळच ठेवा. ब्रेक आणि थ्रॉटल हलक्या हाताने पण सरळ रस्त्यावर वापरा, टायर त्यानेच तापतो. मग दर फेरीला थोडं थोडं जास्त झुका. ट्रॅकवर एका बाजूची वळणं जास्त असली तर दुसरी बाजू उशिरा तापते, तिकडे घाई नको. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकबाहेर गाड्या थांबवतात तिथे आलात की टायर बघा: चकचकीत पट्टा संपून मखमलीसारखा मळकट पट्टा सुरू होतो. तो जिथवर पोचलाय तिथवरच झुकायचं. हवेचा दाब लगेच, गरम असतानाच मोजा. थंड झाल्यावरचा आकडा वेगळा येतो.

गुहागर_१७
टायरच्या बाजूवर चार आकडे असतात ते बघितले का? २३२४ म्हणजे २०२४ चा २३वा आठवडा. जुना माल नवा म्हणून गळ्यात मारतात. बाजूलाच फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तोही बघा.

भाट्येकिनारी
आकडे ठीक आहेत. पण पुढच्या टायरचा बाण उलटा! दुकानात हे बघायला नको का? उद्या सकाळी परत उघडायला लावतो.

गुहागर_१७
लगेच लावा. बसवताना साबणाचं पाणी लावतात, ते सुकेपर्यंत जोरात ब्रेक मारलात तर टायर रिमवर सरकतो. व्हॉल्वच्या समोर टायरवर खडूने रेघ मारून ठेवा. पहिल्या सत्रानंतर रेघ हललेली दिसली की समजायचं.

भाट्येकिनारी
घाट रद्द. सकाळी आठला दुकानाच्या दारात उभा राहतो.