नवीन बॉल पायथन उंदीर घेत नाही, रात्रभर काचेला नाक घासतो

मिरज_जंक्शन:
नमस्कार मंडळी. सांगलीत, विश्रामबागला राहतो. गेल्या आठवड्यात बॉल पायथन या सापाचं पिल्लू घरी आणलंय, वजन ३०० ग्रॅम. काचेची टाकी ४ × २ × २ फूट, वरून पूर्ण जाळी. खाली कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याचा भुसा) ३ इंच थर, त्याच्या खाली, काचेच्या बाहेरून हीट मॅट (विजेवर तापणारी चटई). तापमान ठरावीक अंशावर रोखणारा थर्मोस्टॅट नाही, मॅट हातानेच चालू-बंद करतो. मधल्या भिंतीवरचा काटा दिवसा २७ दाखवतो. पहाटे खोलीच १८ वर येते. आर्द्रता ४० च्या आसपास. आत एक पोकळ ओंडका आणि पाण्याचं भांडं. दोनदा उंदीर दिला, तोंड फिरवलं. रात्रभर काचेला नाक घासत फिरतो. घरात सगळ्यांना कौतुक, त्यामुळे रोज कुणी ना कुणी हातात घेतंच. टाकी मोठी झाली का? लहान घेऊ?

कृष्णाकाठ:
टाकी बदलू नका, मोठा झाल्यावर हीच लागणार आहे. अडचण टाकी रिकामी असण्याची आहे. पण आधी आजच मॅटची पिन काढा.

३ इंच कोकोपीटमधून मॅटची ऊब वर येतच नाही. वरचा थर गार राहतो आणि खालची काच तापत जाते. थर्मोस्टॅट नसेल तर ती ४५ च्या पुढे सहज जाते. मग ऊब शोधत साप उकरून खाली जातो आणि पोट काचेला लावून बसतो. भाजतंय म्हणून तो वेळेवर उठेल या भरवशावर राहू नका, पोटाखालचे बहुतेक चटके असेच बसतात. शिवाय मॅट हवा तापवत नाही, त्यामुळे १८ च्या खोलीत तिचा उपयोग नाहीच.

त्याऐवजी १०० वॅटचा सिरॅमिक हीटर घ्या. त्याला उजेड नसतो, रात्रीही चालतो. होल्डर चिनी मातीचाच हवा, प्लॅस्टिकचा वितळतो. हीटर एका टोकाला जाळीच्या वर, बाहेरून बसवा. आत टांगला तर साप त्याला वेटोळं घालणारच. थर्मोस्टॅटचा सेन्सर हीटरच्या बरोबर खाली, जमिनीपासून दोन बोटं वर टेपने पक्का करा आणि ३२ वर लावा. सेन्सर सुटून पाण्याच्या भांड्यात पडला तर थर्मोस्टॅटला सगळं गारच वाटतं आणि हीटर बंदच होत नाही. म्हणून टेप दर आठवड्याला बघायची. दुसऱ्या टोकाला २५ ते २७ मिळायला हवं. मधल्या भिंतीवरच्या काट्यावरून काहीच कळत नाही. दोन्ही टोकांना, साप बसतो त्या उंचीवर एकेक काटा ठेवा. मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या काचेला बाहेरून इंचभर थर्माकोल लावा. पहाटेची घसरण बरीच कमी होईल आणि तीन बाजूंनी आडोसाही होईल.

आता लपण्याच्या जागा. ओंडका दोन्हीकडून उघडा असेल तर त्याला लपणं म्हणत नाहीत. अंग तिन्ही बाजूंनी टेकेल एवढ्याच दोन जागा हव्यात, एक उबेकडे, एक गारव्याकडे. एकच ठेवली तर ऊब की आडोसा यातलं एक त्याला सोडावं लागतं. ६-७ इंची मातीची कुंडी पालथी घाला, काठाला सापाच्या जाडीच्या दुप्पट खाच पाडा, कडा पॉलिश पेपरने घासून घ्या. कुंडीच्या तळाचं भोक सिमेंटने बुजवायला विसरू नका. त्यात डोकं घालतो, खवले उलटे अडकतात आणि मागे येता येत नाही. मधली मोकळी जागा प्लॅस्टिकच्या वेलींनी, झाडाच्या सालींनी भरा. नाक घासणं बहुतेक यानेच थांबेल.

अजिंक्यतारा:
वरच्याशी सहमत. एक भर घालतो: सिरॅमिक हीटर हवा कोरडी करतो, आणि तुमच्याकडे आधीच ४० आहे. ६० ते ७० हवी. पहिली गोष्ट, जाळीचा तीन चतुर्थांश भाग ॲक्रिलिकच्या पत्र्याने झाका, हीटरभोवती चार बोटं मोकळं सोडून. उघड्या जाळीतून आणि वर पंखा फिरत असेल तर दमटपणा टिकतच नाही.

स्प्रे मारत बसू नका. तासभर काटा ७५ दाखवतो, मग पुन्हा जैसे थे, आणि वरचा थर मात्र ओला राहतो. त्याऐवजी चारही कोपऱ्यांत मिळून अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता. खालचा थर ओला, वरचा हाताला कोरडा. कोकोपीट मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पाणी ठिबकू नये. नर्सरीतून आणलं असेल तर खत मिसळलेलं नाही ना, बघा. पावसाळ्यात, विशेषतः आमच्या साताऱ्याकडे, हे ओतणं बंद करायचं. नाहीतर पोटाचे खवले तपकिरी पडून सडायला लागतात.

खाण्याचं: रोज हाताळणं आणि मध्येच उंदीर, यात कुठला साप खाईल? वरची सगळी व्यवस्था करून काटे दोन दिवस स्थिर दिसले की पुढचे ७ दिवस फक्त पाणी बदला. हातात घेणं नाही, उंदीर नाही. मग अंधार पडल्यावर एकदाच द्या. वजनाच्या १० टक्के, म्हणजे २५ ते ३५ ग्रॅमचा उंदीर. गोठवलेला असेल तर रात्रभर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात, मग पिशवीत घालून ४० अंशांच्या पाण्यात अर्धा तास. मायक्रोवेव्ह नको, आतून शिजतो आणि पोट फुटतं. कोरडा पुसून, डोकं पुन्हा कोमट करून लांब चिमट्याने द्या. त्याच्या ओठांवरच्या खाचांना ऊब जाणवते, गार उंदीर त्याला भक्ष्य वाटत नाही. घेतला नाही तर लपण्याच्या तोंडाशी बशीत ठेवा, सकाळी टाकून द्या, आणि पुढचे ८-१० दिवस विषय बंद.

विकणाऱ्याला विचारा, आधी काय खायचा. लहान पांढऱ्या माऊसवर वाढलेला साप रॅटला ओळखत नाही. जिवंत उंदीर सोडून झोपू नका, तो सापालाच कुरतडतो. घरात पकडलेला तर कधीच नाही, पोटात ब्रोमाडायोलोन (उंदीर मारायचं विष) असू शकतं.

लागोपाठ तीनदा खाल्लं की मग हाताळा, तेही खाल्ल्यावर ४८ तास सोडून. दर रविवारी किचनच्या काट्यावर वजन घ्या. ३०० चा २७० झाला, किंवा तोंडाशी बुडबुडे, श्वासाला घरघर दिसली तर वाट न बघता डॉक्टरला दाखवा.

मिरज_जंक्शन:
मॅट काढली. हीटर उद्या येतोय. दोन प्रश्न: लाईट गेली तर? आणि शेजारचे काका म्हणतात, साप पाळणं बेकायदा आहे, वनखात्याला कळवतो.

वारणाकाठ:
लाईट: दोन-तीन तासांनी काही होत नाही. टाकीवर गोधडी टाका, हवेला फट ठेवून; हीटर आधी बंद करून, कारण लाईट परत आली की तो गोधडीखाली सुरू होतो. जास्त वेळ गेली तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून टाकीच्या बाहेरून टेकवा. उलट एप्रिल-मे मध्ये खोली ३५ च्या वर जाते तेव्हा खरा धोका. पत्र्याच्या खोलीत ठेवूच नका.

काकांचं अर्धं बरोबर. वन्यजीव कायद्याने संरक्षित असलेला आपल्याकडचा कुठलाही साप पाळता येत नाही, अजगर तर त्या कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कशी बदलली ते आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. बॉल पायथन आफ्रिकेतला. तो साइट्सच्या (वन्य प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत असल्याने २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये येतो. २०२४ च्या नियमांप्रमाणे प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीचा अर्ज करावा लागतो. पिल्लं, हस्तांतर, मृत्यू, सगळं कळवायचं. विकणाऱ्याकडून त्याच्या नोंदणीचे कागद आजच मागा. तो टाळाटाळ करत असेल तर तिथेच काय ते समजा. नोंदणी झाली की प्रत टाकीजवळ ठेवा, काकांनाही दाखवा.

डॉक्टर आत्ताच शोधून ठेवा. गावातले बहुतेक दवाखाने गाई-म्हशी, कुत्र्यांचे. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोन करून सरपटणारे प्राणी बघणारं कुणी आहे का विचारा. आणि ज्यांचं घर गावभागात किंवा नदीकडेला आहे त्यांनी २०१९ चा महापूर आठवून टाकी वरच्या मजल्यावर ठेवावी. सुती उशीचा अभ्रा आणि भोकं पाडलेला क्लिपचा डबा हाताशी हवा. पाणी चढायला लागल्यावर चार फुटांची काच उचलायला माणसं मिळत नाहीत.