पाइनचा वास, ओझोन आणि खापर कुणावर?

आडवाट (रॅले, नॉर्थ कॅरोलायना):
उन्हाळ्यात इथे 'आज ओझोन जास्त, दम्याच्या रुग्णांनी दुपारी बाहेर पडू नये' असा (जमिनीलगतच्या, श्वासाला त्रास देणाऱ्या ओझोनचा) इशारा आला की कुणीतरी हमखास म्हणतं, इथे झाडंच एवढी, हवा तीच बिघडवतात. परवा मंडळाच्या ग्रुपवरही तेच झालं. रोनाल्ड रेगन यांनी 1980 च्या प्रचारात प्रदूषणाचं खापर झाडांवर फोडलं, तेव्हापासून हा मुद्दा काही मरत नाही. म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगतो. झाडं वायू सोडतात हे खरं, पण त्यांना दोषी ठरवणं साफ चूक आहे.

पाइनची सुई बोटांत चुरगळली की जो वास येतो, त्यात मुख्य वाटा पाइनीनचा. राळेबरोबर साठलेलं हे द्रव्य ऊन तापलं की जास्त उडतं, रात्रीही थोडं उडत राहतं. ओक आयसोप्रीन नावाचा असाच एक वायू सोडतो, तो फक्त उजेडात. जगभरची झाडं मिळून वर्षाला साधारण 100 कोटी टन असे वायू सोडतात, माणसापेक्षा कितीतरी जास्त. पण त्यांच्यापासून ओझोन व्हायला नायट्रोजन ऑक्साइड लागतात, आणि ते येतात मुख्यतः गाड्या आणि वीजकेंद्रांतून.

अटलांटावरचा 1988 चा अभ्यास हेच सांगतो: झाडांचे वायू हिशोबात धरले, तर नुसते माणसाचे हायड्रोकार्बन (पेट्रोल, धूर यांतून हवेत जाणारे असेच वायू) कमी करून भागत नाही, नायट्रोजन ऑक्साइड कमी करावे लागतात. आमच्या राज्याने 2002 मध्ये कायदा करून कोळशाच्या वीजकेंद्रांना ते 2009 पर्यंत 77 टक्क्यांनी कमी करायला लावले. ओझोनचे वाईट दिवस घटले. त्यासाठी एकही पाइन तोडावा लागला नाही.

(मार्च-एप्रिलमध्ये गाडीच्या काचेवर जी पिवळी पूड बसते, ते परागकण. त्यांचा या वायूंशी संबंध नाही. ग्रुपवर दोन्हींची सरमिसळ चालली होती.)

खडीसाखर:
तोडा असं कुणी शहाणा म्हणतच नाही. पण तुम्ही झाडांना सरसकट सोडून देताय, ते मला मान्य नाही. बर्लिनमध्ये जुलै 2006 च्या उष्णतेच्या लाटेत काही दिवशी ओझोन तयार होण्यात झाडांच्या वायूंचा वाटा 60 टक्क्यांपर्यंत गेला होता, असं 2017 च्या अभ्यासात निघालं. उष्णता वाढली की हे वायू वाढतात, आणि पुढचे उन्हाळे काही थंड नसणार. मग शहरात लाखो रोपं लावताना कोणती जात किती वायू सोडते, हे बघायला नको? निलगिरी आयसोप्रीन भरपूर सोडते. आपल्याकडे ती एके काळी मैलोन्‌मैल लावली. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात खड्ड्यांचा आकडा सांगतात, जातीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

आडवाट:
बर्लिनच्या त्या आकड्यामागेही गाड्यांचा धूर आहेच. तो काढा, आणि मग बघा आकडा किती उरतो.

खडीसाखर:
इतकं सोपं नाही ते. 2020 च्या लॉकडाउनमध्ये गाड्या थांबल्या आणि रोम, व्हॅलेन्सिया, वूहानमध्ये ओझोन वाढला. दाट रहदारीच्या शहरात गाड्यांच्या धुरातला ताजा नायट्रिक ऑक्साइड (नायट्रोजन ऑक्साइडांपैकीच एक) ओझोन खाऊन टाकतो. तो अर्धवट कमी केला तर ओझोन वर जातो. लॉस एंजेलिसमध्ये रविवारी ट्रक कमी असूनही ओझोन जास्त, हे कित्येक वर्षं दिसत होतं. जंगलाने वेढलेल्या अटलांटाचं गणित दाट वस्तीच्या मुंबईला जसंच्या तसं लावू नका.

चीडवन (अल्मोडा, उत्तराखंड):
मध्येच बोलतो. आमच्याकडे डोंगरच्या डोंगर चीडचे, म्हणजे इथल्या पाइनचे आहेत. लिसा (राळ) काढायला खोडावर खाचा पाडतात आणि खाली कुप्पी लावतात. मे महिन्यात दुपारी त्या खाचेजवळ उभं राहिलं की टर्पेंटाइनचा वास नाकात अक्षरशः चढतो. तरी आमच्या हवेचे सर्वांत वाईट दिवस त्या वासाचे नसतात, वणव्याचे असतात. वाळलेलं पिरूल (चीडच्या गळलेल्या सुया) पेटलं की आठवडाभर समोरचा डोंगर दिसत नाही, घराघरांत खोकला. चीडविरुद्ध बोलायचं तर आगीबद्दल बोला, बांज (इथला ओक) कमी झाला त्याबद्दल बोला. पाइनीनवरून भांडण्यात आमच्या गावाला काही मिळणार नाही.

उत्तरवारा (टांपेरे, फिनलंड):
इथून तासाभरावर ह्यूत्यालाचं संशोधन केंद्र आहे, पाइनच्या जंगलात उंच मनोरा उभारून 1990 च्या दशकापासून मोजणी चालू आहे. पाइनीनचं हवेत ऑक्सिडेशन होऊन त्यापासून अतिसूक्ष्म कण बनतात. ते वाढत वाढत इतके मोठे होतात की त्यांच्यावर ढगाचे थेंब धरतात. असे ढग ऊन परत फेकतात. 2016 मध्ये सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या प्रयोगात दिसलं की गंधकाम्ल (जे मुख्यतः प्रदूषणातून येतं) नसतानाही केवळ या वायूंपासून कण जन्मतात. म्हणजे माणूस नव्हता तेव्हाही जंगल स्वतःचे ढग घडवायला हातभार लावत होतं. तुम्ही दोघं फक्त ओझोनवर अडलात, पण हा परिणामही हवेवरचाच आहे.

आडवाट:
हे अगदी पटलं. आमच्या ग्रेट स्मोकी डोंगरांवरचं निळसर धुरकं असल्याच कणांचं. फ्रिट्स वेंट यांनी ते 1960 मध्ये झाडांच्या वायूंशी जोडलं. वीजकेंद्रांच्या धुरातून बनणारं सल्फेट (गंधकाचे कण) मिसळलं की ते पांढुरकं होतं आणि पलीकडची रांग दिसेनाशी होते. तिथेही बिघाड चिमणीतूनच आला.

@खडीसाखर, जात बघून झाडं लावा हे मान्य. पण जास्त वायू सोडणाऱ्या जातींची यादी नगरपालिकेच्या हाती पडली, की जुने वृक्ष तोडायला ती कारण म्हणून वापरली जाईल, ही माझी खरी भीती आहे.

खडीसाखर:
भीती रास्त आहे. म्हणून यादी नव्या रोपांपुरती ठेवा, उभ्या झाडाला हात लावायचा नाही, हे तिच्यातच लिहा. पण यादी हवीच. गाड्यांचा धूर कमी व्हायला वीस वर्षं लागतील. आज लावलेलं रोप तोवर पूर्ण वाढलेलं असेल आणि दर उन्हाळ्यात त्याच रस्त्यावर वायू सोडत असेल.