आई चित्रकलेची शिक्षिका, टोरांटोत तिला नेमकं काय दाखवू?

कोरेगावकरीण

मंडळी, मदत हवी आहे. आई-बाबा मे महिन्यात आलेत, सप्टेंबरअखेर परत जातील. नायगारा झाला, सीएन टॉवर झाला, थाउजंड आयलंड्सची बोट झाली, ओळखीच्या सगळ्यांकडची जेवणं झाली. परवा गॅलरीत चहा पिताना आई म्हणाली, "इथली माणसं चित्रंबित्रं काढतात की नुसतं गवतच कापतात?"

आईने कोरेगावजवळच्या एका शाळेत ३१ वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी पोरं रविवारी आमच्या पडवीत असायची. स्थिरचित्रासाठी आमच्याच घरातला तांब्या, आमचीच वांगी, आणि पोरं गेली की त्याच वांग्यांची भाजी. पोस्टर कलरचे डाग त्या फरशीवर अजून आहेत. कॅनडातली चित्रकला म्हटलं की तिची पाटी कोरी आणि माझीही. नऊ वर्षं इथे राहून माझं ज्ञान म्हणजे दाताच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये लटकवलेला एक तळं-आणि-झाड छापाचा प्रिंट.

आम्ही मिसिसागात राहतो, गाडी आहे. बाबांचे गुडघे अर्ध्या तासापलीकडे उभं राहू देत नाहीत. कृपया 'बघायलाच हवीत अशी १० ठिकाणं' देऊ नका, ती गुगलही देतं. एक किंवा दोन जागा सांगा, आणि का ते सांगा.

खडूस_आजोबा

एजीओ. म्हणजे आर्ट गॅलरी ऑफ ऑन्टारिओ, डंडास स्ट्रीट. बुधवारी संध्याकाळी फुकट प्रवेश असतो, आधी साइटवर बघून तिकीट काढा. बाकं भरपूर आहेत, गुडघ्यांची चिंता नको.

इमारतच बघण्यासारखी आहे. २००८ साली वास्तुकार फ्रँक गेरीने तिला नवं रूप दिलं. गेरी मूळचा टोरांटोचाच, आजीचं घर याच भागात होतं. ती बाजारातून जिवंत कार्प मासा आणून बाथटबमध्ये सोडायची आणि हा पोरगा तासन् तास बघत बसायचा. पुढे आयुष्यभर त्याच्या कामात मासे येत राहिले. डंडासच्या बाजूने लाकडी फासळ्यांची लांबच लांब गॅलरी आहे, आत उभं राहिलं की उलट्या घातलेल्या होडीत असल्यासारखं वाटतं. मागे आर्ट कॉलेजची इमारत आहे, रंगीत पेन्सिलींच्या पायांवर उभं केलेलं पांढरं-काळं टेबल. तुमच्या आई हसतील.

रॉमला (रॉयल ऑन्टारिओ म्युझियम) मात्र नेऊ नका. जुन्या सुंदर दगडी इमारतीच्या पोटात २००७ साली लिबेस्किंड या वास्तुकाराने जो काचेचा आणि अॅल्युमिनियमचा स्फटिक घुसवला आहे, तो बघून मला दर वेळी अपघात झाल्यासारखं वाटतं. माझं वैयक्तिक मत आहे, भांडायला येऊ नये.

हाफटोन

आजोबांशी भांडत नाही, पण ताई, तुमच्या आई चित्रकलेच्या शिक्षिका आहेत म्हणून थोडं वेगळं सांगतो. मी २२ वर्षं इथे पॅकेजिंगच्या आर्टवर्कचं काम करतोय (बिस्किटाचा पुडा, औषधाचं खोकं, तेच ते), त्यामुळे हे माझ्या जिव्हाळ्याचं आहे.

मोठी चित्रं बघू नका. फळ्या बघा.

टॉम थॉमसन नावाचा माणूस होता, जन्म १८७७. ग्रिप नावाच्या टोरांटोतल्या कंपनीत जाहिराती आणि कॅटलॉगसाठी अक्षरं, बॉर्डर, चित्रं काढायचा. म्हणजे आमच्याच बिरादरीतला, कमर्शियल आर्टिस्ट. त्याच्या शेजारच्या टेबलांवर मॅकडॉनल्ड, लिस्मर, व्हार्ली, कारमायकल, जॉन्स्टन हे लोक होते. यांना लॉरेन हॅरिस (शेतीची यंत्रं बनवणाऱ्या घरातला, पैसेवाला) आणि मॉन्ट्रियलचा ए. वाय. जॅक्सन मिळाले आणि १९२० मध्ये 'ग्रुप ऑफ सेव्हन' हा चित्रकारांचा गट झाला. पण थॉमसन त्यात नाही. तो तीन वर्षं आधीच गेला होता. जुलै १९१७, अल्गॉन्क्विन पार्क (टोरांटोच्या उत्तरेचं जंगल-तळ्यांचं उद्यान), कनू लेक. आधी त्याची उलटलेली होडी सापडली आणि आठवड्याने तो. बुडाला, की कुणी मारलं, यावर इथली माणसं आजही तावातावाने बोलतात. बाबांना रहस्यकथा आवडत असतील तर गाडीत हा विषय काढा, क्लाइनबर्ग (त्याबद्दल खाली सांगतो) येईपर्यंत पुरेल.

तर फळ्या. थॉमसन वसंतापासून पानगळीपर्यंत अल्गॉन्क्विनमध्ये होडी घेऊन फिरायचा. मांडीवर एक लाकडी पेटी, तिच्यात ओल्या फळ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून खाचा. फळीचा आकार साधारण साडेआठ बाय साडेदहा इंच. आपल्या चित्रकलेच्या वहीएवढाच म्हणा. डास चावतायत, ढग सरकतोय, उजेड जातोय, आणि हा त्या फळीवर तैलरंगात तेवढ्या वेळात जमेल तेवढं उतरवतोय. अशा सुमारे ४०० फळ्या त्याने रंगवल्या. मोठे कॅनव्हास जेमतेम पन्नासेक, तेही हिवाळ्यात शहरात येऊन, एका शेडमध्ये. ती शेड एका स्टुडिओच्या मागे होती, भाडं महिना एक डॉलर.

आई इंटरमिजिएटला निसर्गचित्र शिकवायच्या ना? मग त्यांना हे लगेच कळेल. फळीवर ब्रशचे फटकारे मोजता येतात. दोन फटकाऱ्यांच्या मध्ये कोरं लाकूड दिसतं, आणि तेच लाकूड कधी खोडाचं काम करतं तर कधी संध्याकाळच्या उजेडाचं. खोडायला जागा नाही, पुसायला वेळ नाही. कॅनव्हासवर तेच चित्र चार फुटांचं झालं की छान दिसतं, पण मला त्यात आमचा ग्रिपवाला डिझायनर दिसायला लागतो: बाह्यरेषा पक्की, फांद्यांना वळण, पोस्टरसारखी मांडणी.

पटत नसेल तर एजीओत 'द वेस्ट विंड' बघा, जवळजवळ चार फूट बाय साडेचार. वाऱ्यात वाकलेलं पाइनचं झाड. त्याची मूळ फळीसुद्धा एजीओच्याच मालकीची आहे, भिंतीवर लावली आहे का ते तिथे विचारा. आईंना म्हणावं, दोन्हींना मार्क द्या. त्याचं दुसरं प्रसिद्ध चित्र 'द जॅक पाइन' ओटावाच्या नॅशनल गॅलरीत आहे, पण त्याची फळी क्वीन्स्टनला रिव्हरब्रिंक नावाच्या छोट्या म्युझियमची. नायगाराला गेलात तेव्हा पंधरा-वीस मिनिटांवर होतात!

पण एकच जागा म्हणाल तर क्लाइनबर्गचं मॅकमायकल म्युझियम. तुमच्याकडून ४२७ हायवेने पाऊण तास. रॉबर्ट आणि सिग्ने मॅकमायकल या नवरा-बायकोने पन्नासच्या दशकात झाडीत ओंडक्यांचं आणि दगडांचं घर बांधलं, भिंतींवर ही चित्रं लावली, आणि १९६५ मध्ये घर, जमीन, चित्रं सगळं प्रांत सरकारला देऊन टाकलं. म्हणून तिथे म्युझियमपेक्षा कुणाच्या तरी घरी गेल्यासारखं वाटतं. चित्र बघायचं, मान वळवली की खिडकीतून तीच झाडं. थॉमसनची ती एक डॉलरवाली शेडसुद्धा उचलून तिथे आणून ठेवली आहे. आवारातच ग्रुपमधल्या सहा जणांच्या समाध्या आहेत, साधे मोठे धोंडे, बस्स. सोमवारी जाऊ नका.

थंडी_वाजतेय

हाफटोन, छान लिहिलंय, पण एक राहिलं. या सगळ्या जंगला-तळ्यांच्या चित्रांत माणूस का नाही? अल्गॉन्क्विनच्या त्या तळ्यांवर मूळची माणसं राहत होती, होड्या वल्हवत होती. चित्रकारांनी त्यांना गाळलं आणि "रिकामा, अस्पर्श उत्तर प्रदेश" (लखनौवाला नव्हे) अशी कॅनडाची प्रतिमा तयार झाली. त्याच दाताच्या डॉक्टरांच्या भिंतीवरची.

म्हणून मॅकमायकलमध्ये गेलात की इनुइट (आर्क्टिकमधल्या मूळ रहिवासी) लोकांचे प्रिंट्स चुकवू नका. केप डॉर्सेट, आता किनगाइट, हे बॅफिन बेटाजवळचं छोटं गाव. १९५०च्या दशकाच्या शेवटी तिथे दगडावरून छापायचं काम सुरू झालं. सपाट दगडावर चित्र कोरायचं, उठलेल्या भागाला शाई लावायची, वर पातळ जपानी कागद ठेवून हाताने घासायचं. जपानी कागद कारण जेम्स ह्यूस्टन हा कलाकार जपानला जाऊन ते तंत्र शिकून आला होता. १९५९ पासून दर वर्षी त्या गावातून प्रिंट्सचा संच निघतो. केनोजुआक अशेवाक या बाईंचं घुबड (१९६०) तर टपाल तिकिटावर आलं, पिसं सूर्यकिरणांसारखी फुटलेली. त्या गावची एक लाखाच्या आसपास मूळ रेखाटनं मॅकमायकलकडे सांभाळायला दिलेली आहेत. शाळेत भेंडीचे ठसे काढून घेतलेल्या बाईंना हे बघून काय वाटतं ते नक्की लिहा.

आणि हो, आठवण म्हणून दगडी अस्वल घ्याल तर इग्लूचं चिन्ह असलेला टॅग (खरं इनुइट काम असल्याची खूण) बघून घ्या. मी एका पर्यटन गावातल्या दुकानातून मोठ्या प्रेमाने ९० डॉलरचं अस्वल घेतलं. घरी आल्यावर मुलाच्या हातून पडलं आणि टप्पा खाऊन उठलं. रबरी राळेचं होतं.

निळी_खिडकी

प्रश्न टोरांटोचा आहे, मी हॅलिफॅक्सची, तरी नाक खुपसते. आईंना इकडे पाठवा. इथल्या आर्ट गॅलरी ऑफ नोव्हा स्कोशियात एक अख्खं घर ठेवलं आहे. मॉड लुइस (मृत्यू १९७०) या चित्रकर्तीचं. घर कसलं, खोलीच: जेमतेम चार मीटर लांब-रुंद. वीज नाही, नळ नाही. नवरा मासे विकायचा. मॉडबाईंना लहानपणापासून सांधेदुखी, बोटं आखडलेली, मनगट दुसऱ्या हाताने धरून ब्रश चालवायचा. खिडकीशी बसून रंगवायच्या, दारात पाटी लावून रस्त्यावरून जाणाऱ्यांना दोन-तीन डॉलरला चित्र द्यायच्या, शेवटीशेवटी थोडं जास्त.

आणि घर! दार, जिना, खिडकीची काच, ब्रेडचा डबा, चूलसुद्धा. जिथे जागा तिथे फुलं, पाखरं, फुलपाखरं. आपल्याकडे उंबरठ्यावर रांगोळी काढतात तशी, फक्त हिची पुसायची नाही. चित्रांत सावल्या जवळजवळ नसतातच, बैलांना लांब पापण्या, बर्फ पडलेला आणि झाडाला रंगीत पानंही. आईंनी परीक्षेत नक्की मार्क कापले असते.

त्यांचं एक काळ्या ट्रकचं चित्र पूर्वी लंडनमध्ये (ऑन्टारिओतल्या) एका उपाहारगृहवाल्या जोडप्याला गिऱ्हाइकाने ग्रिल्ड चीज सँडविचच्या बदल्यात दिलं होतं. २०२२ च्या लिलावात ते साडेतीन लाख डॉलरला गेलं. माझी सासू हे ऐकून म्हणाली, "त्यातलं त्या बाईला काय मिळालं?"

कोरेगावकरीण

सगळ्यांचे आभार. हॅलिफॅक्स या वेळी जमणार नाही, तिकिटं बघून नवऱ्याचा चेहरा पडला. काल मॅकमायकलला जाऊन आलो.

बाबांना सुरुवातीलाच खिडकीजवळचं बाक मिळालं, त्यांनी थॉमसनच्या खुनाचा तपास हाती घेतला (त्यांच्या मते तो ज्या लॉजवर उतरायचा त्याच्या मालकावर संशय). आई मोठ्या चित्रांसमोरून "हं, बरं आहे" करत पुढे गेली. फळ्यांपाशी आली आणि थांबली. चष्मा काढला, परत लावला, इतकी जवळ गेली की मला भीती वाटायला लागली. मग तिने चित्रासमोर हवेत वीत धरली. लगेच सुरक्षारक्षक मुलगी आली, "मॅम, प्लीज." आई तिला मराठीत म्हणाली, "अगं हात नाही लावत, मोजतेय. वीतभरच आहे हे!" ती मुलगी का कोण जाणे, हसली आणि बाजूला झाली. त्या एका भिंतीसमोर चाळीस मिनिटं. हाफटोनदादा, कोरं लाकूड तिने माझ्याआधी शोधलं. "पोरांना मी कागद भरून काढायला लावायची," एवढंच म्हणाली. पुढे काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

घुबडासमोर मात्र खूश. थंडी_वाजतेय, तुमचा अंदाज बरोबर: "भेंडीच की गं ही, दगडाची."

आता नवा प्रश्न. तिला तसल्या फळ्या हव्यात. साडेआठ बाय साडेदहा, सहा तरी. मागच्या अंगणात बसून मेपल रंगवणार म्हणते. कुठे मिळतील? तिच्याकडे पोस्टर कलरच आहेत, भारतातून आणलेले.

हाफटोन

होम डेपोतून पातळ बर्च प्लाय घ्या, तिथेच कापून देतात. छोटे तुकडे करायला कधी कुरकुर करतात, तर साडेदहा इंचांची पट्टी कापून घ्या, पुढचं माझ्याकडे आणा, करवत आहे. पोस्टर कलर कोऱ्या लाकडात शोषला जाईल, आधी पॉलिशपेपर मारून पारदर्शक गेसोचे (रंगाआधी लावायच्या अस्तराचे) दोन हात द्या. पांढरा देऊ नका, लाकूड दिसणार नाही. आणि आईंना संध्याकाळी बाहेर बसवणार असाल तर डासांचं मलम विसरू नका.