डबल जास्वंदीत पुंकेसरांच्या पाकळ्या होतात, मग स्त्रीकेसर कसा टिकतो?

पानफूल:
फुलाचा कोणता भाग कुठे येणार हे ए, बी, सी या तीन जनुकगटांवर ठरतं, असं एबीसी प्रारूप सांगतं: एकटं ए म्हणजे निदल (कळी झाकणारं बाहेरचं हिरवं दल), ए आणि बी पाकळी, बी आणि सी पुंकेसर, एकटं सी स्त्रीकेसर. सी बंद पडलं की ए त्याच्या जागी पसरतं आणि पुंकेसरांच्या पाकळ्या होणार, हे पटतं. पण त्याच न्यायाने मधल्या स्त्रीकेसराचे निदल व्हायला हवेत. डबल जास्वंदीत तर कुक्षीच्या (स्त्रीकेसराच्या पराग घेणाऱ्या टोकाच्या) पाच मखमली टिकल्या बऱ्याचदा शाबूत असतात. चुकतंय कुठे?

बीजांकुर:
‘सी बंद’ हे गृहीतक चुकतंय. सी पूर्ण गेल्यावर काय होतं ते प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपात, अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये पाहा. अ‍ॅगामस हे सीचं जनुक बिघडलं की निदल, पाकळ्या, पाकळ्या, मग पुन्हा निदल, असं फुलात फूल येत राहतं. कारण वुशेल जनुकाला आवरून कळीच्या शेंड्याची वाढ थांबवणं हेही अ‍ॅगामसचंच काम.

डबल गुलाबात सी जिवंत असतं, त्याची हद्द मात्र मध्याकडे सरकते. हद्दीबाहेर राहिलेले पुंकेसर पाकळ्या होतात, मध्य सीकडेच राहतो. तिथे एपीटाला-२ या ए-जनुकाच्या कुळातल्या एका जनुकात उडता डीएनए तुकडा घुसलेला आहे. त्यामुळे मायक्रोआरएनए-१७२ चा (जनुकांना आवरणाऱ्या एका छोट्या आरएनए रेणूचा) लगाम सुटतो आणि ते जनुक सीला आत रेटतं. थंडीतही गुलाबात सी मंदावतं, पाकळ्या वाढतात.

जास्वंदीत ही हद्द डोळ्यांनी दिसते. आदल्या संध्याकाळची फुगलेली कळी उभी चिरा. ब्लेड ओलं ठेवा, नाहीतर चिकामुळे सगळं एकमेकांना चिकटतं. बाहेरच्या ५ पाकळ्या काढून टाका आणि आतल्या पाकळ्या भिंगाखाली धरा. काहींच्या कडेला पिवळे परागकोश लटकलेले दिसतील: अर्धी पाकळी, अर्धा केसर. कळी फार लहान घेतलीत तर हा फरक कळत नाही.

केसरनळी:
एक भर. ए सगळ्या वनस्पतींना सरसकट लावू नका. कोएन आणि मेयरोवित्झ यांची १९९१ ची मांडणी अ‍ॅराबिडॉप्सिस आणि स्नॅपड्रॅगनवरची. पण स्नॅपड्रॅगनमध्ये सीला बाहेर पसरू न देण्याचं काम ए नव्हे, मायक्रोआरएनए-१६९ करतो. बी आणि सी मात्र बहुतेक फुलझाडांत टिकून आहेत. शिवाय ए, बी, सीला साथ देणारी सेपालाटा जनुकं हवीतच. त्यांतली तीन एकदम गेली की अ‍ॅराबिडॉप्सिसचं सगळं फूल निदलांचं होतं. हद्द सरकण्याचा दुसरा नमुना ट्यूलिप: तिथे बी बाहेरच्या वलयापर्यंत पसरतं, म्हणून हिरवे निदल नाहीत, सहाही रंगीत.

पानफूल:
म्हणजे पाकळीच्या कडेचे पराग संकरासाठी वापरता येतील?

बीजांकुर:
हो, परागकोश फुटून पूड मोकळी झाली असेल तर. सकाळी, पराग कोरडे असताना एकेरी फुलाच्या पाचही टिकल्यांना लावा.