सेल सर्टिफिकेट मिळालं म्हणजे विषय संपला असं नाही

नवी मुंबईत घणसोलीचा फ्लॅट बँकेच्या लिलावात घेतला आणि आता कर्जदाराची बहीण नोटीस पाठवून हिस्सा मागतेय, असं तुम्ही विचारलंत. त्यावर वर कुणीतरी लिहिलंय की सेल सर्टिफिकेट, म्हणजे लिलावात फ्लॅट घेतल्याचा बँकेचा दाखला दाखवा, ती गप्प बसेल. नाही हो, असं नसतं. फ्लॅट वडिलांच्या नावावर होता आणि ते गेल्यावर एकट्या मुलाने गहाण टाकला असेल तर बहिणीचा हिस्सा गहाण पडतच नाही, मग बँक तो विकणार कुठून? सरफेसीच्या (थकलेल्या कर्जापोटी बँकेला गहाण मालमत्ता विकू देणारा कायदा) कलम १७ खाली बँकेच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं हे खरं, पण मालकी कुणाची हे डीआरटी ठरवत नाही, त्यासाठी दिवाणी दावा चालतो हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. त्यामुळे तिची नोटीस हलक्यात घेऊ नका, चांगला वकील गाठा.

आपल्याकडे नवी मुंबईत बरीचशी जमीन सिडकोची (शहर वसवणारं सरकारी महामंडळ), लीजवर म्हणजे भाडेपट्ट्याने दिलेली. म्हणून सिडकोच्या ट्रान्सफर ऑर्डरवर (फ्लॅट नावावर केल्याचा आदेश) आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला शेवटचं नाव कुणाचं आहे ते आजच बघा, वडिलांचंच असेल तर बँकेने कर्ज देताना काय तपासलं हे लेखी विचारा. 'जसं आहे तसं' विकलं म्हणून बँकवाले हात झटकतील, पण माहीत असलेला बोजा लिलावाच्या नोटिशीत लिहिणं त्यांना नियमाने बंधनकारक आहे.