भावासाठी आत्ता अर्ज भरला तर त्याच्या मुलांना ग्रीन कार्ड मिळेल का?

पंचगंगाकाठ (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार. मागच्या वर्षी मला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं. धाकटा भाऊ इचलकरंजीत आहे, वय ४४. घरचे यंत्रमाग होते, ते गेल्या दिवाळीत भंगारात काढले. आता तो दुसऱ्याच्या कारखान्यात नोकरी करतो. मुलगा १३ वर्षांचा, मुलगी ९. आई ७१ वर्षांची, त्याच्याकडेच असते.

इथले ओळखीचे म्हणतात, आय-१३० (नातेवाइकासाठीचा अर्ज) भरून टाक, पोरांचं कल्याण होईल. भावानं तर मुलाला सांगूनही टाकलंय की दहावी झाली की आत्याकडे. परवा भाचा फोनवर विचारत होता, "आत्या, तिकडं थंडीत शाळेला सुट्टी असते का?" मला उत्तर देताना धड बोलता येईना. खरंच किती वर्षं लागतात? आईचं वेगळं करता येतं का? आणि अर्ज भरला की भावाला फिरायला यायचा व्हिसा मिळत नाही, हे खरं का?

सोनकी

नागरिकाच्या भावंडांचा गट एफ-४. साऱ्या जगाला मिळून वर्षाला ६५,००० व्हिसा, त्यात बायका-मुलंही मोजली जातात, आणि वर एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला हे सांगणारं व्हिसा बुलेटिन दर महिन्याला निघतं, त्यात भारताची तारीख बघा. २०२५ मध्ये २००६ सालचे अर्ज चालू होते. आज भरणाऱ्याला त्याहून कमी लागतील असं धरू नका.

प्रीतिसंगम

ताई, मी या रांगेतून आलेला भाऊ आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या थोरल्या बहिणीनं मे २००५ मध्ये अर्ज भरला. मी ३९ वर्षांचा, कराडला छोटा छापखाना, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापायचो. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ५. ऑक्टोबर २००९ मध्ये मंजुरीचा कागद आला, आम्ही गल्लीत पेढे वाटले. मंजुरी म्हणजे नातं खरं आहे एवढंच त्यांनी मानलं, व्हिसा नव्हे, हे नंतर कळलं. नंबर लागला २०२१ च्या अखेरीस. मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत झाली डिसेंबर २०२२ मध्ये. मार्च २०२३ मध्ये इथं उतरलो ते आम्ही तिघंच. मुलगा मागं राहिला.

२१ वर्षं पूर्ण झालेलं मूल आईबापाच्या अर्जात धरत नाहीत. २००२ च्या कायद्यानं एक सवलत आहे, सीएसपीए म्हणतात. नंबर लागतो त्या वेळच्या वयातून, अर्ज मंजुरीची वाट बघत जेवढा काळ पडून होता तेवढा वजा होतो. मंजुरीनंतर रांगेत गेलेली वर्षं वजा होत नाहीत. मुलाचं वय होतं २५ वर्षं ११ महिने. वजा ४ वर्षं ५ महिने. राहिली २१ वर्षं ६ महिने. बहिणीनं वकिलाकडचा कागद व्हिडिओ कॉलवर कॅमेऱ्यासमोर धरला होता, पेन्सिलीनं केलेली तीन ओळींची वजाबाकी. मुलगा माझ्या शेजारीच बसला होता. त्यानं मोबाइलवर तीच वजाबाकी पुन्हा केली आणि काही न बोलता गॅलरीत जाऊन उभा राहिला. मुलीचं वय वजा जाता १७ भरलं, ती आली.

आता मी त्याच्यासाठी एफ-२बी भरलाय. ग्रीन कार्डवाल्याचं २१ वर्षांवरचं अविवाहित मूल, असा तो गट. रांगेतली जुनी २००५ ची तारीख त्याला मिळत नाही, २०१४ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयानं तसा निकाल दिलाय. आणि यातला 'अविवाहित' हा शब्द फार महागात पडतो. मी नागरिक व्हायच्या आत त्यानं लग्न केलं तर अर्ज तिथंच संपतो. नागरिक झाल्यावर केलं तर अर्ज विवाहित मुलांच्या, एफ-३ च्या, लांब रांगेत जातो, पण जिवंत राहतो. मी लवकरात लवकर २०२८ मध्ये नागरिक होणार, तेव्हा तो ३२ चा. त्याच्या लग्नासाठी मुलगी ठरलेली आहे. तिच्या वडलांना मी कोणत्या तोंडानं थांबा म्हणू? मी त्याला सांगितलं, बाबा, लग्न कर, अर्ज गेला तर गेला. तो ऐकत नाही.

तुमच्या भाच्याचं गणित करा. वीस वर्षांनी नंबर लागला तर तो ३३ चा. मंजुरीची पाच वर्षं वजा गेली तरी २८. भाची २९ ची, वजा जाता २४. दोघंही बसत नाहीत. हा अर्ज तुमच्या भावाचा आणि भावजयीचा आहे, मुलांचा नाही. भाच्याला आजच सांगा. माझ्या मुलाला आम्ही सोळा वर्षं सांगत आलो की आपण जाणार, म्हणून त्यानं इंजिनिअरिंगनंतर पुण्यातली बरी नोकरी सोडून वर्षभर वाट बघितली. ती चूक माझी.

भरायचंच ठरलं तर कागद आत्ता बघा. बहिणीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव हौसाबाई, माझ्यावर सुमन. पहिलं बाळंतपण माहेरी, आजोबांनी नोंदीला माहेरचं नाव सांगितलं, आणि लग्नात नाव बदललेलं. अर्ज तपासणाऱ्या कचेरीला वाटणार दोन आया! मामानं ८१ व्या वर्षी प्रतिज्ञापत्र दिलं म्हणून निभावलं. पुढच्याच वर्षी मामा गेले. जन्माची नोंदच सापडत नसेल तर अनुपलब्धतेचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि थोरल्यांची प्रतिज्ञापत्रं लागतात. थोरले आहेत तोवर सह्या घेऊन ठेवा.

कण्हेरी

आईचं सांगते. नागरिक मुलाच्या आईवडलांना कोटा नाही, रांग नाही. पण ग्रीन कार्ड म्हणजे इथं राहायचं. वर्षाच्या वर बाहेर राहिलं की कार्ड धोक्यात. मेडिकेअरसाठी (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा) आधी पाच वर्षं इथं सलग काढावी लागतात, तोवर विमा तुमच्या खिशातून. माझी सासू दोन थंड्या काढून परत गेली, तिला अंगण हवं होतं. आईला विचारलंत का?

भावाच्या व्हिसाचं: फॉर्ममध्ये प्रश्न असतो, तुमच्यासाठी कुणी स्थलांतराचा अर्ज भरलाय का. खरं तेच लिहायचं. त्यावरून नकार येईलच असं नाही, पण तो परत जाईल ना, ही शंका अधिकाऱ्याला येते.

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे आभार. काल भावाला ही वजाबाकी वाचून दाखवली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझ्यासाठी नको, ६४ व्या वर्षी तिथं येऊन मी काय करू?" भाच्याशी मीच बोलले. तो म्हणाला, मग सुट्टीत तू ये. आईला अजून विचारायचंय.

प्रीतिसंगम दादा, एक राहिलं. समजा भावानं मन बदललं आणि मधल्या काळात मलाच काही झालं तर?

प्रीतिसंगम

अर्जदार वारला की अर्ज आपोआप रद्द. माणुसकीच्या आधारावर पुन्हा चालू करायची विनंती करता येते, पण देणं त्यांच्या मर्जीवर. आणि शेवटी उत्पन्नाची हमी, आय-८६४, अर्जदारालाच द्यावी लागते, गरिबी रेषेच्या १२५ टक्के. माझी बहीण तेव्हा निवृत्त झाली होती, भाच्यानं सोबत सही केली.