मदत हवी आहे : एका पायावर उभी असलेली १/७ फिगर पुढे झुकते आहे, तलवारही वाकली आहे

पीव्हीसी आणि एबीएस या दोन प्लास्टिकांची १/७ स्केल फिगर (पात्राची एक सप्तमांश आकाराची शोभेची मूर्ती) आहे, उंची साधारण २५ सेंमी. संपूर्ण भार उजव्या पायावर, डावा पाय हवेत. तळव्यातली धातूची खुंटी बेसच्या भोकात बसते. उभी केल्यापासून हळूहळू पुढे झुकत चालली आहे. घोट्याच्या पुढच्या बाजूला बारीक सुरकुती दिसते. हातातली तलवार (वेगळी निघते) मधोमध धनुष्यासारखी वाकली आहे. फिगर दिव्यांच्या बंद काचकपाटात असते.

१) उकळतं पाणी ओतून सरळ करावी का? रंग उडेल का?
२) सरळ केल्यावर पुन्हा झुकू नये म्हणून काय करावं?

प्रतिसाद १

पाणी तापवण्याआधी नेमकं काय झुकलंय ते शोधा. दोऱ्याला नट बांधून ओळंबा करा, तो फिगरच्या शेजारी सोडा आणि बाजूने फोटो काढा. मग फिगर उतरवून नुसता बेस काचेवर ठेवा आणि चारही कोपरे दाबून पाहा. बेस डुलत असेल तर दोष बेसचा, पायाचा नाही. खुंटी भोकात खुळखुळत असेल तर तीवर टेफ्लॉन टेपचे एक-दोन वेढे द्या, काम संपलं. पण तुम्ही सुरकुती म्हणताय, म्हणजे घोटाच वाकलाय.

प्रतिसाद २

उकळतं पाणी नको. कडक पीव्हीसी साधारण ८० अंश सेल्सिअसला मऊ पडतं, पण फिगरच्या पीव्हीसीत प्लास्टिसायझर (प्लास्टिक लवचीक करणारं द्रव्य) मिसळलेला असतो, त्यामुळे ते त्याच्या बरंच आधी नरम होतं. १०० अंशांत रंगावरचं क्लिअर कोट (पारदर्शक संरक्षक थर) पांढुरकं होऊ शकतं, डिकल्स (चिकटवलेली छापील नक्षी) उचकटू शकतात आणि चिकटवलेले सांधे सुटू शकतात.

घोट्यासाठी असं करा :

- पाणी ६५ अंशांना आणा. स्वयंपाकाचा थर्मामीटर वापरा, बोटाने अंदाज नको.
- सुटे भाग काढा. फिगर उभी धरून फक्त घोट्याच्या दोन बोटं वरपर्यंत बुडवा. धड बुडवू नका. ते बहुधा पोकळ असतं, शिवणीतून पाणी आत गेलं की दिवसेंदिवस झिरपत राहतं आणि आत सळई असेल तर ती गंजते.
- २ मिनिटांनी बाहेर काढून हलकेच दाबून पाहा. न वळल्यास ७०, मग ७५. त्यापुढे जाऊ नका.
- मऊ झाल्यावर वाकवायची घाई नको. साच्यातून निघालेला भाग गरम झाला की बराचसा आपल्या मूळ आकाराकडे परततो. तुम्ही फक्त उरलेला बाक काढायचा, आणि उभ्या रेषेच्या १-२ अंश मागे न्यायचं, कारण थंड होताना तो थोडा पुढे येतो.
- त्याच स्थितीत धरून थंड पाण्यात निदान एक मिनिट. हात सोडायची घाई इथेच नडते : बाहेरून गार लागतं, आत अजून मऊ असतं.
- पुढचे २४ तास आडवी ठेवा.

प्रतिसाद ३

हेअर ड्रायरने हेच काम कोरडं होतं की. पाण्याची भानगडच नको.

प्रतिसाद २

ड्रायर चालतो, पण पातळ भागांना. जाड घोट्यात उष्णता आत पोचेपर्यंत वरचा रंग भाजून निघतो. वापरायचाच तर १५ सेंमी अंतरावरून, सतत हलवत, १०-१० सेकंदांच्या हप्त्यांत. फिगरच्या पारदर्शक केसांवर किंवा इफेक्टच्या (ज्वाळा, शिंतोडे वगैरे दाखवणाऱ्या) तुकड्यांवर नकोच, त्यांचं प्लास्टिक वेगळं असू शकतं आणि एकदा धुरकटलं की परत येत नाही.

प्रतिसाद ४

तलवारीबद्दल. ती पीव्हीसीची की एबीएसची हे आधी ठरवा. खोक्यावर बहुधा दोन्ही नावं छापलेली असतात, कुठला भाग कशाचा ते नसतं. ७० अंशांत मिनिटभर ठेवून नरम झाली तर पीव्हीसी. मग दोन सपाट काचांमध्ये धरून तशीच थंड पाण्यात न्या. नंतर पात्याच्या कडेवरून एक डोळा मिटून पाहा : बाक गेला तरी पीळ उरतो, तो वेगळा काढावा लागतो.

मिनिटभरानेही ताठच राहिली तर एबीएस समजा. ते साधारण १०५ अंशांच्या आसपास मऊ होतं, म्हणजे रंग शाबूत ठेवून गरम पाण्याने पूर्ण सरळ होणं कठीण. थंड असताना वाकवलं तर पांढरा चरा उमटतो किंवा सरळ तुकडा पडतो. थोडासाच बाक असेल तर सोडून द्या.

धागाकर्ता

६५ ला काही झालं नाही, ७० ला घोटा आपसूकच बराच मागे आला. आता ओळंब्याशी जुळते आहे. तलवारही पीव्हीसीचीच निघाली, सरळ झाली. पण नुसतं सरळ करून टिकेल का?

प्रतिसाद ५

नाही टिकणार. झुकण्याचं मूळ कारण तसंच आहे. सततच्या भाराखाली प्लास्टिक सावकाश सरकत राहतं, याला क्रीप म्हणतात, आणि तापमान वाढलं की त्याचा वेग वाढतो. शिवाय झुकणं स्वतःच झुकणं वाढवतं : फिगर जितकी पुढे येते तितका तिचा गुरुत्वमध्य घोट्यापासून दूर जातो आणि घोट्याला वाकवणारा जोर वाढतो.

हिशेब करा. फिगर ४०० ग्रॅम, गुरुत्वमध्य घोट्याच्या २ सेंमी पुढे. घोट्यापासून १२ सेंमी उंचीवर आधार दिला तर ४०० × २ ÷ १२, म्हणजे जेमतेम ६७ ग्रॅमचा रेटा पुरतो. म्हणून ३ मिमीची पारदर्शक अॅक्रिलिकची कांडी बहुतेकदा भागवते. दोन अटी : आधार ज्या बाजूला झुकते त्याच बाजूला हवा, आणि शक्य तितका उंच. गुडघ्याशी लावलेली कांडी दिसत नाही, पण तिला ६७ च्या दुपटीहून जास्त रेटा पेलावा लागतो. कांडीचं टोक थेट रंगावर टेकवू नका. प्लास्टिसायझर अॅक्रिलिकमध्ये उतरतो आणि दोन्ही चिकटतात. मध्ये टेफ्लॉन टेप द्या.

प्रतिसाद ६

कांडी नजरेत खुपत असेल तर पायात सळई घालता येते, पण हे परत न फिरवता येणारं काम आहे. तळव्यातून पिन व्हाइसने (हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने) भोक पाडून घोट्याच्या वर किमान २ सेंमी जा. सळई स्टेनलेस स्टीलची घ्या, पितळ तिच्या निम्मंच ताठ असतं आणि अॅल्युमिनियम तर एक तृतीयांश. जाडी मात्र सगळ्यात महत्त्वाची. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणजे १ मिमीऐवजी १.५ मिमी घेतली की पाचपट. चिकटवायला सायनोअॅक्रिलेट (सुपरग्लू), तेही थेंबभर. जास्त झालं तर वाफेने आजूबाजूला पांढरी बुरशीसारखी झाक येते. सांडलेला गोंद पुसायला अॅसिटोन आणू नका, रंग आणि एबीएस दोन्ही विरघळतात. आधीचीच खुंटी किती खोल आहे ते मात्र पाहून घ्या, ड्रिल तीवर आदळलं की भोक तिरकं जातं.

माझं मत विचाराल तर आधी कांडी. सळईचा विचार ती पुरली नाही तरच.

प्रतिसाद १

कपाटाचंही बघा. बंद काचेत दिवे म्हणजे आतलं तापमान खोलीपेक्षा जास्त. आत थर्मामीटर ठेवून दिवे लावल्यावर दोन तासांनी वाचा. दिव्यांचा अॅडॉप्टर कपाटाबाहेर काढा आणि दारात फट ठेवा. फट दुसऱ्या कारणानेही लागते : कोंदट जागेत पीव्हीसीचा पृष्ठभाग चिकट होतो. झालाच तर कोमट पाणी आणि सौम्य साबण, स्पिरिट नको.

धागाकर्ता

कांडी लावतो. ती बेसमध्ये रोवायची की सुटी उभी करायची?

प्रतिसाद ५

बेसमध्ये ३ मिमी भोक, किंचित मागे झुकतं, म्हणजे कांडी फिगरकडे हलकी रेलेल. चिकटवू नका. महिन्याभराने ओळंबा लावून पाहा आणि झुकाव वाढला असेल तर कांडी फक्त एक-दोन सेंमी लांब घ्या.